सरांच्या नावाचं पाकीट

मे महिन्याच्या सुट्टीतला बुधवार होता. दुपारचे बारा वाजून गेले होते, मी शाळेच्या साड्यांना इस्त्री करत होते आणि मोबाइलवर 'सिस्टर' असं नाव आलं. सिस्टरांचा फोन यायचा तो रविवारी, तिथली उपासना सुटल्यावर. कारण मलावी देशातल्या त्या खेड्यात चर्चच्या पायरीवर उभं राहिलं तरच रेंज मिळायची. बुधवारी फोन आला तर त्याचा अर्थ काय, हे मी पाच वर्षं मनाशी धरून बसले होते... सर गेले. सिस्टरांच्या नवऱ्याची, साळवे सरांची, बायपास झालेली, साखर जुनी, वय एकाहत्तर. मी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि फोन उचलताच म्हणाले, "सिस्टर, मी आहे, घाबरू नका." पलीकडून सरांचा आवाज आला, "वंदना, मी बोलतोय बेटा." आणि मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण गाळलं तर पुढचं सगळं खोटं होईल. दोन-तीन सेकंद मला खरोखर आनंद झाला, सर आहेत म्हणून. मग ते म्हणाले, "शालिनी गेली गं."

सकाळी सातची फेरी सिस्टरांनी नेहमीसारखी घेतली होती. बाळंतिणींच्या वॉर्डात एका मुलीचं सलाईन बदललं, व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि तिथल्या तरुण नर्सला पाणी आणायला सांगितलं. ती पाणी घेऊन आली तोवर सिस्टर भिंतीला टेकलेल्या होत्या, डोळे उघडे. ती मुलगी ग्लास धरून बराच वेळ उभीच राहिली म्हणे, सिस्टर बाहेर बघताहेत असं समजून. सर तेव्हा शाळेत फळ्यावर गणित सोडवत होते. बोलवायला माणूस आला तेव्हा त्यांना वाटलं, वॉर्डातला जनरेटर पुन्हा बिघडला असेल... ते हातातला खडू तसाच घेऊन गेले. सिस्टरांना साखर नव्हती, बीपी नव्हतं, छातीत कधी दुखलं नव्हतं. ही बाई आम्हा सगळ्यांना पोचवून मगच जाणार, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांनी स्वतःसुद्धा. आज सहा आठवडे झाले, पण माझं मन अजून त्या फोनच्या अलीकडेच अडकून आहे.

सिस्टरांची आणि माझी ओळख औरंगाबादच्या गारखेड्यात झाली, मी अठरा वर्षांची असताना. बिडकीनच्या शाळेतून बारावी होऊन मी बी.एस्सी.ला शहरात आले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं मीच पहिलं माणूस. माझे वडील, आबा, बिडकीनला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. त्या दिवशी एक खाडा करून माझ्यासाठी खोली बघायला आले होते. तीन घरं बघितली. तिन्ही ठिकाणी खोली रिकामी होती, आडनाव विचारलं गेलं आणि मग खोली भावाच्या मुलासाठी ठेवलेली निघाली. चौथं घर साळव्यांचं. दारात पांढऱ्या साडीतल्या, नुकत्याच ड्यूटीवरून आलेल्या एक बाई चपला काढत होत्या. सरकारी दवाखान्यात त्या वॉर्डाच्या सिस्टर होत्या आणि आख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. आडनाव त्यांनी विचारलंच नाही. "सकाळी किती वाजता उठतीस?" एवढंच विचारलं. मी खोटं सांगितलं, पाचला.

आबांना मात्र भिंतीवरचा क्रूस दिसला होता. ते खोलीत आले नाहीत, उंबऱ्यापाशी उभं राहून स्पष्ट म्हणाले, "बाई, आधीच सांगतो. आमच्या बापजाद्यानं एकदा धर्म बदललाय, लई मोठ्या माणसाच्या शब्दावर बदललाय. आता आमाला परत बदलायचा नाय." सर आतून पेपर घेऊन बाहेर आले ते दचकून तिथंच थांबले. सिस्टर जालन्याकडच्या, त्याही त्याच भाषेत म्हणाल्या, "नका ना बदलू. हिची झोप तेवढी बदलीन म्हणते मी. तोंडावरून तर सातपर्यंत लोळणारी दिसतीया." आबा हसले. मी त्या घरात पाच वर्षं राहिले आणि एकदाही मला कोणी रविवारच्या उपासनेला चल म्हणालं नाही. उलट पहिल्या चौदा एप्रिलला माझ्याकडे पांढरी साडी नाही हे सिस्टरांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी आपल्या युनिफॉर्मच्या साडीला रात्रभर खळ देऊन, कडक इस्त्री करून ती मला नेसवली. पदराला औषधाचा फिकट पिवळा डाग होता, तो आत दुमडून पिन लावली. मिरवणुकीत मी त्या साडीत इतकी ताठ चालले, की मैत्रिणी म्हणाल्या, ही आज इंजेक्शन द्यायला निघालीय.

सिस्टरांकडून मी जे शिकले ते हँडओव्हर. वॉर्डात ड्यूटी बदलताना आधीची सिस्टर पुढचीला सगळं सांगून जाते... कुठल्या खाटेवर कोण, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, कशावर नजर ठेवायची. वहीत लिहायचं, खाली एकीनं 'दिला' म्हणून सही करायची, दुसरीनं 'घेतला' म्हणून. आणि पुढची आली नाही, तर आधीचीनं वॉर्ड सोडायचा नाही. सोळा तास झाले तरी नाही. सिस्टर घरीही तशाच वागायच्या. बाजारात जायच्या तरी सरांना उभं करून सांगायच्या, दूध उतू जाईल, गॅस बारीक आहे, दोन वाजता गोळी. सर चिडवायचे, "सही कुठं करू?" त्यावर त्या कधी हसल्या नाहीत. म्हणायच्या, "हँडओव्हरमधी एक ओळ गाळली की माणूस जातं. म्या बघितलंय." काय बघितलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

दोघंही निवृत्त झाले, मूलबाळ नव्हतं, घर स्वतःचं होतं, पेन्शन होती. आम्हाला वाटलं आता बागकाम, वेरूळला सहल, नातेवाइकांची लग्नं. सिस्टरांना मात्र दुपारी झोप लागेना. छावणीतल्या त्यांच्या चर्चच्या मंडळीत एकदा मलावीहून कोणी पाहुणे आले होते. तिथल्या एका मिशनच्या छोट्या दवाखान्यात बाळंतपणं करणारी अनुभवी सिस्टर नाही आणि शेजारच्या शाळेत गणिताला शिक्षक नाही, असं ते म्हणाले. पगार मिळणार नव्हता, राहायला दोन खोल्या आणि पत्र्याचं छप्पर. उपासनेहून परतताना रिक्षात सिस्टर सरांना म्हणाल्या, "दोघांचीबी जागा रिकामी हाय तिथं." सरांची बायपास होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. सिस्टरांचा धाकटा भाऊ अविनाश जालन्याहून खास भांडायला आला. तिथं मेलात तर आणणार कोण, असं त्यानं तोंडावर विचारलं. सिस्टरांनी त्याला जेवू घातलं आणि वरण कसं झालंय ते विचारलं.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला घराचा हँडओव्हर दिला. तोवर माझं लग्न झालं होतं, शाळेत नोकरी लागली होती, गारखेड्यातच दोन गल्ल्या पलीकडे आम्ही राहत होतो. एक लांबट वही, त्यात घरातली एकूण एक गोष्ट. मोरीचा नळ डावीकडे फिरवून मग दाबायचा. चाफ्याला एक दिवसाआड दोन बादल्या. मीटरच्या पेटीत पाल राहते, घाबरायचं नाही. मी 'घेतला' म्हणून सही केली. दोन वर्षांनी दोघं पंधरा दिवसांसाठी येऊन गेले, तेव्हा निघताना त्यांनी सरांचं लक्ष नाही असं बघून ब्लाउजमधून एक पाकीट काढलं. खळीनं चिकटवलेलं, वर लिहिलेलं: 'सरांचं काही झालं तरच उघडणे.' मी हात मागे घेतला, असलं अभद्र मला नको म्हणाले. त्यांनी माझी मूठ उघडून त्यात पाकीट ठेवलं, वॉर्डात पेशंटच्या हातात गोळी ठेवतात तसं.

तिथलं आयुष्य मला रविवारच्या फोनमधून कळायचं. तिथले लोक मक्याच्या पिठाची घट्ट उकड खातात. सिस्टरांना पहिल्या महिन्यातच बाजारात ज्वारी सापडली आणि त्यांनी मला व्हिडिओ काढून तव्यावरची भाकरी दाखवली, जशी कोणी नातवंड दाखवतं. भाषा येत नव्हती, म्हणून कळा देणाऱ्या बायकांशी त्या सरळ मराठीत बोलायच्या. जोर लाव गं माय. आता थोडंच. आणि मूल बाहेर आलं की, "झालं माय, झालं." सर सांगायचे, तिथल्या नर्सनी ते शब्द जसेच्या तसे उचलले, आता वॉर्डात सगळ्याच तसं म्हणतात. दोघांना तिथं 'आगोगो' म्हणायचे, म्हणजे आजी किंवा आजोबा, दोघांनाही तोच शब्द. प्रवचन वगैरे सिस्टरांनी कधी केलं नाही. मी एकदा भीत भीत विचारलं होतं, तुम्ही मिशनरी ना, मग धर्माचं काम कधी करता? त्या म्हणाल्या, "सकाळी सातला." मला वाटलं तेव्हा प्रार्थना असेल. सातला त्यांची वॉर्डाची फेरी असायची.

तर त्या बुधवारी सर फोनवर विचारत होते, "तिनं तुझ्याकडं काही सांगून ठेवलंय का? ती सगळं तुलाच देऊन ठेवायची." तासा-दोन तासांत ठरवायचं होतं. दवाखान्यात बर्फाची सोय नव्हती. इकडे आणायचं तर देह दुपारीच गाडीत घालून सहा तासांवरच्या मोठ्या शहरात न्यायला हवा होता, पुढे कागदपत्रं, विमान. अविनाशमामा फोनवर रडून सांगत होता की बहिणीला परक्या मातीत ठेवू देणार नाही, कर्ज काढीन पण आणीन. सरांना काही सुचत नव्हतं. मी म्हणाले, "सर, माझ्याकडे एक पाकीट आहे. पण ते... तुमचं आहे." सर म्हणाले, "माझं? बरं. वाच."

मी कपाटातून पाकीट काढलं, फाडलं, आणि जिवंत माणसाला त्याच्याच मरणाचा कागद वाचून दाखवू लागले. एक: त्यांना टाय घालू नये, गळ्याला काचतो, आयुष्यभर कुरकुर केली आहे. दोन: पाळकसाहेबांना दहा मिनिटांच्या वर बोलू देऊ नये, बोलले तर कोणीतरी खोकावं. तीन: अविनाशला आधी जेवला का विचारावं, मग सांगावं. सर हसले. ते हसणं थांबेना, आणि मग मला कळलं की ते हसत नव्हते. मी थांबले. "पुढं वाच," ते म्हणाले. चौथ्या ओळीवर माझी नजर आधीच जाऊन आली होती. मी ती वाचली नाही. मी पाचवी वाचली: त्यांचा चष्मा शाळेतल्या कोणाला बसत असेल तर द्यावा. संपलं, असं मी म्हणाले. सर म्हणाले, "म्हणजे जागेचं काही नाही. मग अविनाशचं ऐकतो. गाडी सांगतो."

मी असं का केलं? मला सिस्टर परत हव्या होत्या, दुसरं काही नाही. छावणीतल्या कबरस्तानात असल्या तर रविवारी जाता येईल, चाफ्याची फुलं नेता येतील, एवढाच तो विचार. आणि चौथ्या ओळीत माझं नाव होतं, ते मला लागलं होतं. मी किल्ली घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांना तिथूनच नेणार म्हणून बैठकीच्या खोलीतला दिवाण हलवायला लागले, फरशी पुसायला लागले. अविनाशमामाचा फोन आला, तो जालन्याहून निघाला होता, छावणीत जागा बघायला. मी हो हो म्हणत राहिले. स्वयंपाकघरातून फडकं घ्यायला गेले तर खिळ्याला ती लांबट वही लटकत होती. मी काही शोधायला ती उघडली नाही, मोरीचा नळ पुन्हा अडला होता म्हणून उघडली. पहिल्या पानावर खाली माझी सही. 'घेतला: वंदना.' आणि मला सिस्टरांचा आवाज ऐकू आला असं म्हणणार नाही, तसं काही झालं नाही. फक्त हातातलं फडकं ठिबकत होतं, माझ्या पायावर, आणि मला तेवढंच समजत होतं की मी एक ओळ गाळली आहे.

दीड तास झाला होता. फोन तीनदा लागला नाही. चौथ्यांदा सरांनी उचलला तेव्हा मागे गाडीचं इंजिन चालू होतं. मी म्हणाले, "सर, मी खोटं बोलले. एक ओळ राहिलीय." आणि वाचली: "चार. त्यांना औरंगाबादला नेऊ नये. तिथं आता आमचं कोण आहे? वंदना आहे, पण तिला तिचा संसार आहे, तिला आमच्या मातीला बांधून ठेवायचं नाही. शाळेच्या मागं आंब्याखाली जागा आहे, मी पावलांनी मोजून बघितली आहे. दोघांपुरती होते. मीही मागं इथंच राहीन." सर मला रागावले असते तर बरं झालं असतं. मग मी फोनमधून इंजिन बंद झाल्याचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. सरांनी एका मुलाला फोन धरायला सांगितला होता, चर्च जवळच असल्यानं रेंज जेमतेम मिळत होती, चित्र थांबत होतं, पुढे उडी मारत होतं. आंबा मोठा होता. साध्या फळ्यांची पेटी, वर तिथल्या बायकांनी आणलेलं रंगीत कापड. पाळक बोलत होते, ते मला कळत नव्हतं. मध्येच सर मोठ्यांदा खोकले आणि पाळक थांबले. मग बायका एकेक करून पुढे आल्या. ती तरुण नर्स, पाणी घेऊन उभी राहिलेली, तिनं पेटीवर हात ठेवला, थोपटलं, आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "झालं माय, झालं." तिच्या मागच्या बाईनंही तेच म्हटलं. तिच्या मागचीनंही. इतक्या लांब, ज्यांची नावं मला माहीत नाहीत अशा बायका आमच्या भाषेत सिस्टरांना निरोप देत होत्या, आणि मी गारखेड्यात त्यांच्या रिकाम्या खोलीत पुसलेल्या फरशीवर बसून ते ऐकत होते. मला रडू आलं नाही. मला अजूनही नीट आलेलं नाही.

अविनाशमामानं माझ्याशी बोलणं टाकलं. त्याचं बरोबरच होतं. माझ्या खोट्यावर तो जालन्याहून धावत आला होता आणि छावणीत उन्हात जागा बघत उभा होता. तीन आठवड्यांनी छावणीत स्मरणाची उपासना झाली तेव्हा तो आला, शेवटच्या बाकावर बसला. आबा बिडकीनहून आले होते, तेही त्याच्या शेजारी बसले, गाणी येत नव्हती तरी प्रत्येक गाण्याला उभे राहिले. सुटल्यावर मामानं माझ्यापुढे हात केला. मी पाकिटातला कागद दिला. त्यानं तो चष्मा लावून वाचला, तिसऱ्या ओळीपाशी थांबला, पुन्हा वाचला. "अक्षर तिचंच हाय," म्हणाला. मग मलाच विचारलं, "जेवलीस का?"

सर परत येणार नाहीत. आंब्याखाली अर्धी जागा माझी आहे, असं ते आता गमतीनं सांगतात. गणित शिकवणं चालू आहे. कुठली गोळी कधी घ्यायची हे त्यांना पंधरा वर्षांत एकदाही माहीत नव्हतं, ते सिस्टर बघायच्या. त्या वहीत शेवटी गोळ्यांची यादी सापडली, मी ती त्यांना पाठवली. आता ते रोज तिथल्या सकाळी चर्चच्या पायरीवर येतात, आणि मी मधल्या सुट्टीत शाळेच्या गच्चीवर जाऊन एकेक नाव वाचते.

वही मी घरी आणलेली नाही, ती खिळ्यालाच आहे. परवा चाफ्याला पाणी घालून झाल्यावर ती पुन्हा चाळली. मधल्या एका पानावर सिस्टरांनी रेघा मारून ठेवल्या होत्या, ते मी पाच वर्षांत बघितलं नव्हतं. वर लिहिलंय, 'आम्ही कायमचे परत आल्यावर.' खाली 'दिला' पुढे माझ्या सहीसाठी जागा, आणि 'घेतला' पुढे त्यांनी आपलं नाव आधीच लिहून ठेवलंय, फक्त सही करायची राहिली आहे. मी पेन काढलं होतं, परत ठेवलं. पुढची सिस्टर आल्याशिवाय आधीचीनं वॉर्ड सोडायचा नसतो. चाफ्याला उद्या पाणी नाही, परवा आहे. दोन बादल्या.